नागीण गेली, आग राहिली

डाव्या बाजूला, ब्लाउजच्या खालच्या काठाच्या रेषेत दुखायला लागलं तेव्हा घरात सगळ्यांच्या डोक्यात एकच आलं: हार्ट. वय साठीच्या पुढचं, बीपीची गोळी चालू, त्यामुळे रात्रीच ईसीजी निघाला, रक्तही तपासलं. सगळं नॉर्मल. मग पित्ताची गोळी झाली, गॅस धरला असेल म्हणून ओवा झाला, माळ्यावरचा डबा काढताना बरगडी लचकली असेल असंही एकदा ठरलं. दुखणं मात्र यातल्या कशाशीच जुळत नव्हतं. श्वास घेतला, वाकले, चालले, तरी त्यात काही फरक पडायचा नाही. बसल्या जागी एकदम चटका बसायचा आणि जायचा. तिथली कातडी हुळहुळी झाली होती, पण वरून बघितलं तर काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

चार-पाच दिवसांनी आंघोळ करताना बोटांना पुरळ लागलं. मुलीनं पाठीचा फोटो काढून दाखवला. मणक्याला लागून लाल चट्टा, त्यावर पाणी धरलेल्या बारीक पुटकुळ्यांचे घोस, आणि तिथून काखेखालून पुढे छातीपर्यंत आलेला पट्टा. सासूबाईंनी चष्मा न लावताच निदान केलं, "नागीण आहे ही."

त्यांचं निदान बरोबर होतं, हे आधी कबूल करायला हवं. ईसीजीची पट्टी बघून कुणालाच कळलं नसतं, कारण या आजारात पुरळ उठायच्या आधी काही दिवस नुसतंच दुखू शकतं. छातीवर उठणार असेल तर हार्ट वाटतं, पोटावर असेल तर अपेंडिक्स किंवा पित्ताशय, कंबरेत असेल तर मुतखडा. दुखायची जागा कळते, कारण कळत नाही.

पुढचा तासभर घरात दोन आघाड्या चालू होत्या. मुलगी त्वचेच्या डॉक्टरांची वेळ घेत होती आणि सासूबाई गेरू भिजवत होत्या. इस्लामपूरच्या वन्संचा फोन आला, की त्यांच्याकडे एक जण नागीण उतरवतो, गाडी पाठवू का. आणि सगळ्यांच्या मनातली भीती त्यांनीच बोलून दाखवली, "वेढा पुरा होऊ देऊ नकोस हं. तोंड आणि शेपूट जुळलं की संपलं."

ही भीती मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्वचेच्या डॉक्टरांनी ती घालवली ती एका वाक्यात नाही, चांगलं चित्र काढून. मणक्याच्या प्रत्येक जोडापासून डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशी नसांची मुळं निघतात. प्रत्येक मुळाच्या वाट्याला अंगाचा एक पट्टा येतो. छातीवरचे पट्टे बरगड्यांच्या रेषेत पाठीतून पुढे येतात आणि मधल्या रेषेपाशी थांबतात, पलीकडचा भाग दुसऱ्या बाजूच्या नसेचा. नागीण एका मुळातून निघते आणि त्याच्या पट्ट्यापुरती पसरते, म्हणून ती बहुधा अर्ध्यावरच अडते. क्वचित दोन्ही बाजूंना किंवा अंगभर उठली तर ते गंभीर घ्यायचं असतं, पण वेढा पुरा झाला म्हणून नाही. प्रतिकारशक्ती फारच खाली गेली असेल, अशी शंका तेव्हा घ्यावी लागते.

आणि ही बाहेरून येत नाही. लहानपणी कांजिण्या झाल्या, कडुनिंबाच्या पाल्यावर झोपवलं, खपल्या पडल्या, आपण शाळेत गेलो. तो विषाणू मात्र गेला नाही. तो मणक्याजवळच्या नसांच्या गाठींमध्ये दबून राहिला. वय वाढलं, मधुमेह आला, कर्करोगाची औषधं किंवा स्टेरॉइड घ्यावे लागले, की कधीतरी तो उठतो आणि नसेच्या कडेकडेने कातडीपर्यंत येतो. होप-सिम्पसन नावाच्या इंग्रज फॅमिली डॉक्टरांनी सायरनसेस्टर या गावातल्या आपल्याच पेशंटच्या वर्षानुवर्षं ठेवलेल्या नोंदींवरून 1965 साली हे मांडलं. मोठी प्रयोगशाळा नाही, काही नाही. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटलं.

गोळ्या सुरू झाल्या त्या असायक्लोव्हिरच्या, 800 मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. पहाटेपासून रात्री झोपेपर्यंत दर चार तासांनी गजर. याच जातीचं दुसरं औषध दिवसातून तीनदाच घ्यावं लागतं, पण महाग पडतं. पाणी भरपूर प्यायचं, कारण हे औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं. पुरळ उठल्यापासून 72 तासांत सुरू झालं तर उत्तम, आणि आम्ही त्या मुदतीत होतो. डॉक्टरांनी एक गोष्ट तेव्हाच स्पष्ट केली होती: औषधानं फोड लवकर सुकतील, आत्ताचं दुखणं कमी होईल, पण मागे दुखणं राहणारच नाही अशी हमी नाही. वय जास्त, पुरळ जास्त आणि सुरुवातीचं दुखणं जास्त, तेवढी ते राहायची शक्यता जास्त. माझ्या बाबतीत तिन्ही होतं.

कपाळावर, डोळ्याभोवती किंवा नाकाच्या शेंड्यावर पुटकुळ्या आल्या असत्या तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पळा म्हणाले असते, नजर जाऊ शकते. फोडांतलं पाणी लागलं तर ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत त्याला त्या होऊ शकतात, म्हणून गरोदर भाचीला यायला बंदी केली. आणि फोडांवर काहीही लावायचं नाही, गेरू तर नाहीच, कारण फुटलेल्या कातडीत माती गेली की पू व्हायला वेळ लागत नाही. भिजवलेल्या गेरूचं काय करायचं, हा प्रश्न सासूबाईंनी सोडवला. त्यांनी तुळशीवृंदावन रंगवून घेतलं.

महिनाभरात खपल्या पडल्या. कातडीवर फिकट-तपकिरी डाग राहिले. लोक म्हणाले, सुटलीस.

खरं दुखणं तिथून पुढे सुरू झालं.

त्याचं वर्णन करायचं तर कपड्यांपासून करावं लागेल. त्या पट्ट्यावर तळहातानं घट्ट दाबलं तर मला उलट बरं वाटायचं. पण पदर नुसता घासून गेला की जीव कळवळायचा. कपड्याची शिवण, हुक, आतल्या पट्टीचं इलॅस्टिक, यांतलं काहीच सहन होत नव्हतं. साडी नेसणं बंद झालं. ह्यांचा धुऊन धुऊन विरलेला मलमलचा सदरा मी उलटा घालायची, म्हणजे शिवणी बाहेर राहतात. रात्री पंखा लावला की सदरा हलायचा, आणि तेवढ्यानं आग व्हायची. पंखा बंद केला तर सांगलीतला उन्हाळा. मधूनच काही कारण नसताना शॉक बसल्यागत सणक यायची, हातातला कप निसटायचा. कुणी प्रेमानं जवळ घ्यायला आलं तर मी एक हात पुढे करून थांबवायची. लोकांना ते तुसडेपणाचं वाटायचं, आणि ते मला दिसायचं.

बघणाऱ्याला बिचाऱ्याला दिसणार तरी काय? जखम नाही, सूज नाही, ताप नाही. एका डॉक्टरांनी तर सांगितलं, "फोड गेलेत, आता मनातनं काढून टाका." तोवर पॅरासिटामॉल झालं होतं, डायक्लोफिनॅक झालं होतं. दुखणं तसूभर हललं नव्हतं आणि पित्तानं मात्र घशाशी मुक्काम केला होता. नसांची म्हणून मिथाइलकोबालामिनची इंजेक्शनंही घेऊन झाली. आपल्याकडे 'नस' म्हटलं की बी-12 ठरलेलं. शरीरात ते कमी असेल तर त्यानं नसांना इजा होते आणि ते भरून काढायलाच हवं, पण माझ्या रक्तात ते व्यवस्थित होतं. असलेल्या बी-12 मध्ये आणखी भर घालून नागिणीनं बिघडवलेली नस सुधारत नाही.

पुरळ येऊन तीन महिने झाले तरी दुखणं राहिलं की त्याला नागिणीनंतरचं नसेचं दुखणं म्हणतात आणि त्याची वेगळी ट्रीटमेंट असते, हे मुलीनं शोधून काढलं. मग मिरजेच्या एका पेन क्लिनिकमध्ये गेलो. तिथल्या डॉक्टर मूळच्या भूलतज्ज्ञ. आपल्याकडे दुखण्यावर काम करणारे पुष्कळ डॉक्टर त्याच शाखेतून आलेले असतात, कारण नसेपर्यंत सुई अचूक न्यायची त्यांना सवय असते.

"काकू, कुठं दुखतं ते मला कळलंय. कसं दुखतं ते सांगा," या वाक्यानं त्यांनी सुरुवात केली. आजवर मला हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांच्यापुढे एक छोटी प्रश्नावली होती, फ्रान्समधल्या डॉक्टरांच्या गटानं 2005 साली तयार केलेली. आग होते का? दुखेल असा गारठा जाणवतो का? शॉक बसल्यासारखं होतं का? मुंग्या, टोचणी, बधिरपणा, खाज? सात गोष्टी विचारून आणि तीन तपासून, अशा दहा. चार किंवा जास्त आल्या की दुखणं नसेचं असायची शक्यता दाट.

तपासणी मी विसरणार नाही. त्यांनी कापसाचा बोळा उजव्या बाजूला फिरवला, काही नाही. डाव्या बाजूला, डागांच्या कडेनं फिरवला आणि मी ओरडलेच. मग टूथपिकचं टोक घेतलं. ते डागांच्या बरोबर मध्ये टेकवलं आणि विचारलं, "टोचतंय?" मला काही कळलंच नव्हतं. पुन्हा टेकवलं. काहीच नाही. कातडी मेल्यासारखी बधिर, आणि तिच्याच दोन बोटं पलीकडे कापूससुद्धा पोळत होता. त्यांनी बॉलपेननं दोन्ही हद्दी आखल्या आणि मोबाइलवर मला फोटो दाखवला. इतके महिने मी जे सांगायचा प्रयत्न करत होते ते पहिल्यांदा माझ्या पाठीवर निळ्या शाईत दिसत होतं.

एमआरआय लागेल का, असं ह्यांनी विचारलं. त्या म्हणाल्या, गरज नाही, पुरळ आलं होतं, पट्टा जुळतोय, गोष्ट स्वच्छ आहे. आणि नसांची जी करंट देऊन तपासणी करतात ती जाड तंतूंचं काम मोजते. आग आणि चटका वाहून नेणारे तंतू बारीक असतात, ते तिच्यात दिसतच नाहीत. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे दुखणं खोटं, असा अर्थ पेशंट लावतात आणि कधीकधी डॉक्टरही लावतात.

मग त्यांनी समजावलं. दाराची बेल वाजली की बाहेर कुणीतरी आलंय असं आपण धरतो, कारण एरवी तसंच असतं. पण बेलची वायरच उंदरानं कुरतडली तर ती कुणी नसताना वाजते, आणि आपण कितीही वेळा दार उघडून बघितलं तरी ती थांबत नाही. पेनकिलर म्हणजे ते दार उघडून बघणं. सूज आल्यावर तिथं जी रसायनं तयार होतात ती ही औषधं कमी करतात. माझ्याकडे सूज उरलीच नव्हती. विषाणूनं काही तंतू मारले होते, म्हणून बधिरपणा. उरलेले जखमी तंतू आपणहून संदेश सोडत होते, म्हणून आग आणि सणक. आणि महिनोन्‌महिने तो मारा सोसून मज्जारज्जू इतका तिखट झाला होता, की स्पर्शाचा साधा संदेशसुद्धा तो दुखण्याच्या खात्यात टाकत होता. म्हणून पदर.

हे ऐकून दुखणं कमी झालं नाही. पण डोक्यातला 'हे मनाचं तर नाही ना' हा किडा त्या खोलीतच मेला.

औषधांची चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये गेले तर ओळखीचा पोरगा म्हणाला, "काकू, तुम्हाला फिट येतात?" चिठ्ठीवर प्रेगाबालिन होतं, आणि रात्रीसाठी अमिट्रिप्टिलिन 10 मिलिग्रॅम. पहिलं फिटवरही देतात, दुसरं नैराश्यावरचं जुनं औषध. वन्संनी फोनवर ऐकून निकाल दिला, "डोक्याची औषधं दिलीत तुला." त्यांची चूक नाही, माहितीपत्रकात तसंच छापलंय. पण उगाच उत्तेजित झालेली नस शांत करणं हे दोन्हीकडचं काम सारखंच. चेहऱ्याच्या नसेच्या दुखण्यात, ज्यात दात घासतानाही वीज चमकते, पहिलं औषध आजही कार्बामाझेपिन हे फिटवरचंच आहे. अमिट्रिप्टिलिन नैराश्यावर देतात तेव्हा डोस कितीतरी जास्त असतो. नसेसाठी तो दहापासून सुरू करून जपून वाढवतात.

सुरू करण्याआधी डॉक्टरांनी ईसीजी बघितला, काचबिंदू आहे का विचारलं, आणि क्रिएटिनिन तपासलं, कारण प्रेगाबालिन मूत्रपिंडातून जातं आणि मूत्रपिंड मंद असेल तर डोस कमी ठेवावा लागतो. आपल्याकडे प्रेगाबालिन आणि बी-12 एकत्र असलेल्या कॅप्सूल सर्रास देतात. त्यांनी मुद्दाम सुटं प्रेगाबालिन दिलं, म्हणजे डोस हवा तसा हलवता येतो. आणि मनानं एकदम बंद करायचं नाही, ही ताकीद.

"शून्यावर येईल का?" मी विचारलं.

"शून्य मागू नका. निम्म्यावर आलं आणि झोप लागली तर मी पास, तुम्ही पण पास." मग त्यांनी सरळ सांगितलं, की प्रेगाबालिनसारखं औषध सात-आठ जणांना दिलं तर त्यांतल्या एखाद्याचंच दुखणं खऱ्या अर्थानं औषधामुळे निम्म्यावर येतं. अमिट्रिप्टिलिनचा आकडा याहून बरा, पण साठीपुढे ते जपून द्यावं लागतं. एकानं भागलं नाही तर दुसरं, नाहीतर दोन्ही थोडं थोडं. पेशंटला हे आधीच सांगणारे डॉक्टर मला आवडतात. आठवड्याभरात गुण नाही म्हणून डॉक्टर बदलणारी माणसं मी चिक्कार बघितलीत, आणि या औषधांना गुण दाखवायलाच काही आठवडे लागतात.

त्रास मात्र लगेच झाला. सकाळी उठलं की जमीन कलती वाटायची, बाथरूमला जाताना भिंत धरायची. तोंडाला कोरड इतकी, की बोलताना जीभ टाळूला चिकटायची. पोट साफ होईना, इसबगोल सुरू केलं. डोस वाढवल्यावर पाय सुजले आणि जोडवी बोटांत रुतायला लागली, ती साबण लावून काढावी लागली. तेव्हा डॉक्टरांनी एक पायरी मागे घेतली. हे असं मागेपुढे बरेच दिवस चाललं. दुखणं किती, ते मी रोज रात्री कॅलेंडरवर दहापैकी आकडा टाकून लिहायची, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी. रोजच्या रोज काहीच फरक वाटायचा नाही. पण पान उलटून मागचा महिना बघितला तर आठ-नऊची रांग सहा-सातवर आलेली दिसायची. ते आकडे नसते तर मी नक्की म्हटलं असतं, काही उपयोग नाही.

मग पॅच. लिडोकेन 5 टक्के, म्हणजे दातांच्या डॉक्टरांकडची भूल असते त्याच औषधाची मऊ पट्टी. फोड पूर्ण भरून आल्यावरच लावायची, बारा तास लावून बारा तास मोकळं ठेवायचं. माझी पट्टी कात्रीनं कापून पट्ट्याच्या आकाराची करता यायची. तिचा निम्मा उपयोग औषधाचा आणि निम्मा कापडाची धग थेट कातडीला न लागू देण्याचा, असं माझं मत आहे. महाग असते, म्हणून लग्नकार्य, प्रवास अशा दिवसांसाठी राखून ठेवली. रोजच्यासाठी डॉक्टरांनी सैल कपड्यांऐवजी घट्ट बसणारी होजिअरीची स्लिप सुचवली. सगळे सैल घाल म्हणत होते आणि तेच चुकत होतं. सैल कापड हलतं, घट्ट कापड हलत नाही.

मिरचीच्या अर्काचं मलमही झालं. मिरचीतलं तिखट द्रव्य, म्हणजे कॅप्सेसिन, नसेवरचं जे दार उघडतं ते डेव्हिड ज्युलियस या शास्त्रज्ञांनी 1997 मध्ये शोधलं आणि 2021 चं नोबेल ज्यांना विभागून मिळालं त्यांत ते होते. तत्त्व असं, की सतत मिरची लावून बारीक तंतूंना थकवायचं. तत्त्व पटलं. पण संध्याकाळी त्याच हाताचं बोट डोळ्याला लागलं आणि त्या मलमाची ट्यूब घराबाहेर गेली. कोल्हापूरकडच्या माहेराचा मला मिरचीच्या बाबतीत जो अभिमान होता तोही तिच्याबरोबर गेला.

औषधांनी सहावर आणून सोडलं आणि गाडी तिथंच अडली. तेव्हा नसेजवळ इंजेक्शन द्यायचं ठरलं. पाठीच्या सरळ स्नायूंच्या खाली, मणक्याच्या हाडाच्या कडेशी औषध सोडायची ही पद्धत 2016 मध्ये छातीच्या अशाच नसेच्या दुखण्यासाठी पहिल्यांदा लिहिली गेली. मला पूर्ण भूल नव्हती. स्टुलावर बसवून पुढे उशीला मिठी मारायला लावली. सोनोग्राफीची गार जेली लागली तशी मी दचकले, मग एक टोचणी, मग नुसता दाब. डॉक्टर स्क्रीनकडे बघत बोलत होत्या, "ही बरगडी, ही खाली फुफ्फुसाची रेघ हलतेय बघा, आपण तिच्यापासून लांब आहोत." मला अर्थातच करड्या ढगांपलीकडे काही दिसत नव्हतं. अर्ध्या तासात तो पट्टा बधिर झाला. रिक्षानं सांगलीला येताना प्रत्येक खड्ड्यावर सवयीनं दात आवळले, आणि काही झालं नाही. त्या रात्री पंखा लावून झोपले.

भूल उतरल्यावर दुखणं परत आलं, पण पूर्वीच्या जोरानं नाही. डॉक्टरांनी हेही आधी सांगितलं होतं, की काहींना तासाभराचा गुण येतो, काहींना आठवड्यांचा, जुन्या दुखण्यात ठाम सांगता येत नाही. मला तो बऱ्यापैकी टिकला, आणि त्या उसंतीत फिजिओथेरपी झाली.

या भागाबद्दल कुणी फारसं बोलत नाही म्हणून सांगते. फिजिओथेरपिस्ट मुलीनं घरातल्या कापडांची यादी करायला लावली, सगळ्यांत मऊ ते सगळ्यांत खरबरीत. रेशमी साडीचा पदर, जुनं सुती लुगडं, इरकली, पंचा, शेवटी टर्किश टॉवेल. रोज थोडा वेळ, आधी चांगल्या कातडीवर आणि मग दुखऱ्या कडेवर, एकच कापड एकाच दिशेनं फिरवायचं, आणि ते सवयीचं झालं की पुढचं घ्यायचं. मज्जारज्जूला पुन्हा शिकवायचं, की हे कापड आहे, विस्तव नव्हे. याला भरभक्कम पुरावा आहे असं तिनंही म्हटलं नाही. मी रेशमावरून पंच्यापर्यंत पोहोचले, टॉवेल अजून जमत नाही. विजेचे हलके झटके देणारं टेन्सचं मशीनही लावलं, पण बधिर जागेवर नाही, शेजारच्या चांगल्या कातडीवर. लागल्यावर आपण चोळतो आणि बरं वाटतं, ते स्पर्शाचा संदेश दुखण्याच्या संदेशाची वाट अडवतो म्हणून. मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी हा सिद्धांत मांडला तोही 1965 सालीच.

माझं हे सगळं ऐकून आमच्या धाकट्या दिरांनी एक दिवस हळूच सांगितलं, की त्यांचे तळपाय रात्री आगआग करतात आणि थंडीतही ते पाय गोधडीबाहेर काढून झोपतात. वीस वर्षांचा मधुमेह. ते याला उष्णता म्हणत होते आणि सब्जा खात होते. त्यांना त्याच डॉक्टरांकडे नेलं. नायलॉनचा एक तंतू तळपायाला टेकवून तपासलं, तर काही ठिकाणी त्यांना स्पर्शच कळला नाही. कारण वेगळं, पण दुखण्याची जात तीच. त्यांना आता साखरेचा हिशेब, रोज रात्री तळपाय आरशात बघणं आणि नसेच्या दुखण्यावरची ड्युलॉक्सेटिनची गोळी एवढं चालू आहे. अनवाणी देवदर्शन बंद झालं, याचं त्यांना दुखण्यापेक्षा जास्त दुःख आहे.

सध्या माझं दुखणं दोन-तीनवर असतं. दमले, झोप मोडली किंवा आभाळ भरून आलं की चारवर जातं. प्रेगाबालिन टप्प्याटप्प्यानं कमी करत रात्रीच्या एका छोट्या डोसावर आलंय. साडी नेसते, ब्लाउज मात्र पुढे बटणांचा आणि आतून मलमलचं अस्तर लावलेला. शिंप्याला कारण सांगायला वेळ लागला.

नागीण पुन्हा होऊ शकते, म्हणून डॉक्टरांनी लस घ्यायला सांगितली. पन्नाशीपुढच्यांसाठीची दोन डोसांची ही लस भारतात 2023 मध्ये आली. जिवंत विषाणूची नाही, दोन डोसांत दोन ते सहा महिन्यांचं अंतर. खर्च पाच आकडी, म्हणून ह्यांचं आधी 'मला कशाला' चाललं होतं. मुद्दा अडला तो ह्यांना कांजिण्या झाल्या होत्या का यावर. डॉक्टर म्हणाल्या, या वयाच्या बहुतेकांच्या अंगात तो विषाणू असतोच, आठवत नसलं तरी. सासूबाईंना मात्र चांगलं आठवत होतं. "ऐन वार्षिक परीक्षेत आल्या होत्या. गणिताचा पेपर चुकला म्हणून खूश होता." ह्यांनी पहिला डोस घेतला, दोन दिवस दंड दुखतोय म्हणून घर डोक्यावर घेतलं. माझा पहिला डोस ह्यांच्या दुसऱ्या डोसाबरोबर घ्यायचं ठरलंय, म्हणजे मिरजेची एक फेरी वाचते.